बारच्या काउंटरमागचं काम आपल्याला झेपेल का? बेळगाव-गोवा बाजूच्यांनी सांगा

खानापूरकर_पोरगा :
नमस्कार मंडळी. इथं नुसता वाचत असतो, लिहितोय आज पहिल्यांदाच, सांभाळून घ्या. बीकॉम झालंय, सध्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या स्टोअरला आहे, पगार वेळेवर येतो पण पुढं काय ते दिसत न्हाई. गावातला एक पोरगा कळंगुटला क्लबात बारटेंडर आहे, तो म्हणतोय सीझनच्या आधी ये, रूम हाय जेवण हाय टिप हाय. आणि इकडं बेळगावातच एका बार अँड रेस्टॉरंटमध्ये ओळखीनं काउंटरला बोलवायलेत, पगार गोव्यापेक्षा कमी पण घर जवळ, आता रात्री बार बंद झाल्यावर खानापूरला यायला गाडी कुठली ते त्यांनी सांगितलं न्हाई. तर माझा प्रश्न पगाराचा न्हाई, हे काम आपल्या स्वभावाला बसतंय का हे आधी ओळखायचं कसं? मी पीत न्हाई. बाबा माळकरी, आषाढीची वारी चुकवत न्हाईत, घरात अजून विषय काढला न्हाई. बोलका आहे मी, पण भांडण पेटलं की हातपाय कापतात हे खरं सांगतो. मोबाइलवर ते बाटल्या फिरवणारे बघितले की वाटतं जमेल की. गोड गोड नको, खरं काय ते सांगा.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट :
पीएफ ईएसआय कापून देतात न्हवं तिथं? मग गप बस की.

काउंटर_अण्णा :
बाटल्या फिरवायचं डोक्यातनं काढ आधी. बेळगावात एका बारच्या काउंटरला बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितोय. आमच्याकडं कॉकटेल मागणारा महिन्यात एखादा येतो, तो पण पुण्याहून मेव्हणीच्या लग्नाला आलेला. बाकी सगळं नाईंटी, क्वार्टर, बीअर, सोडा, थंड पाणी, आणि खारा आण रे. सप्लायर म्हणजे आमच्याकडचा वेटर, तो येऊन ओरडतो, तू माप ओततोस, बीओटी म्हणजे बारच्या ऑर्डरची चिठ्ठी फाडतोस, लिहितोस. म्हणजे काम निम्मं हिशोबाचं. ७५० मिलीच्या बाटलीत ३० चे पेग २५ बसतात, साहुकार म्हणजे मालक २५ चाच हिशोब मागतो, हातातनं सांडलं, गिऱ्हाईकानं परत पाठवलं, सप्लायरनं लवंडलं, ते लिहून सही घेतली न्हाईस तर महिन्याच्या शेवटी तुझ्याच खिशातनं. बीकॉम आहेस, स्टोअरला आहेस, त्या बाबतीत तू आमच्या निम्म्या पोरांच्या पुढंच आहेस बघ. क्लोजिंग स्टॉक रात्री साडेअकरानंतर सुरू होतो, बंद करायचा टाइम साडेअकरा असला तरी शेवटचं टेबल उठवून, गल्ला जुळवून, बाटल्यांवर खुणा मारून बाहेर पडेपर्यंत एक तरी वाजतो. त्या टाइमाला खानापूरला काय मिळणार? ट्रक. तर राहायची सोय शहरात कर न्हाईतर स्वतःची गाडी, हे पगाराच्या आधी ठरव.

भांडणाचं म्हणशील तर हातपाय कापतात हे वाईट न्हाई. ज्याचे हात शिवशिवतात तो काउंटरला टिकत न्हाई, पहिल्या महिन्यात कुणाच्या तरी कानाखाली काढतो आणि जातो. कापणाऱ्याला लवकर कळतं की कुठलं टेबल तापायलंय. आमच्यात भांडण सोडवत न्हाईत, भांडण व्हायच्या आधी टेबलावर कायतरी खायला पाठवतात आणि बिल पुढं ठेवतात. खाल्लं की चढायचं हळू होतं, आणि बिल बघितलं की आवाज आपोआप खाली येतो.

अजून एक, आधी कुणी सांगत न्हाई म्हणून सांगतो. स्ट्राँग बीअरची ६५० ची एक बाटली म्हणजे साधारण व्हिस्कीचे चार स्मॉल, ३० चे पेग. बीअरच की, म्हणून लोक तीन पितात आणि वर लार्ज मागतात. तू मोजत राहायचं, तो मोजत न्हाई. रात्रभर माणसं मोजायचा कंटाळा येत असेल तर हे काम तुझं न्हाई.

चोर्ला_घाट :
मी चंदगडचा, गोव्यात बागा कळंगुट हणजूण सगळं फिरून झालंय, सध्या पणजीत. अण्णांनी बेळगावचं सांगितलं, मी क्लबाचं सांगतो.

पहिलं म्हणजे तुला काउंटरला घेणारच न्हाईत. तुझा मित्र बारटेंडर असेल, तू जाऊन बारबॅक होणार. बारबॅक म्हणजे बर्फाची पोती उचलायची, क्रेट चढवायचे, ग्लास धुवायचे, लिंबं कापायची, डस्टबिन. अख्खा सीझन. ऑक्टोबर ते मार्च कमाई, मे संपला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झोपडीवजा बार, मोडतात, पावसात निम्मी पोरं गावाला भात लावायला. मालक म्हणतो पुढच्या सीझनला ये, फोन करतो. करतो न्हाईतर करत न्हाई. बारा महिने चालणारी जागा आहे का हे विचार, आणि पावसात पगार किती ते पण विचार, नुसता टिपचा आकडा ऐकून निघू नको. टिप वाटतात कशी ते विचार, काउंटरचा, फ्लोअरचा, किचनचा वाटा ठरलेला असतो काही ठिकाणी आणि काही ठिकाणी मॅनेजर ठरवतो, ते दुसरं असेल तर आकड्याला काय अर्थ न्हाई.

दुसरं कान. क्लबात स्पीकरच्या बाजूला तू सहा सात तास उभा. ८५ डेसिबलला आठ तास चालतं असं धरतात, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० ला पंधराच मिनिटं. क्लब १०० च्या खाली कधी असतो का! फोमचे बोळे मिळतात ते घाल, पोरं लाजतात, मी पण लाजत होतो, आता रूमवर पंखा बंद केला तरी कानात शिट्टी वाजते. ऑर्डर ऐकू येतच न्हाई, ओठ बघून आणि बोटं बघून घ्यायची.

तिसरं, लिंबू. हसू नको. शॅकवर दुपारी उन्हात लिंबं पिळली की हातावर काळे डाग पडतात, कधी फोड येतात भाजल्यासारखे. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की होतं ते, साबणानं हात धुवून मग उन्हात जायचं, एवढं साधं पण आम्हाला कुणी सांगितलं न्हवतं.

आणि बर्फात ग्लास घालून बर्फ काढू नको कधी. स्कूप असतो त्यासाठी. ग्लास बर्फात फुटला तर काच दिसत न्हाई, मग ऐन गर्दीत अख्खी पेटी रिकामी करून धुवायची, पाठीमागं शंभर माणसं ओरडायलीत आणि तू बर्फ फेकायलास. ज्या जागेत ग्लासानं बर्फ काढतात तिथं बाकी पण सगळं तसंच असतं, हे माझं मत.

पण मजा आहे, खोटं कशाला बोलू. शनिवारी अकरा ते एक डोकं बंद पडतं आणि हात आपोआप चालतात, ती नशा मला दारूपेक्षा जास्त लागलीय.

विठ्ठलभक्त७७ :
माळकऱ्याच्या घरातल्या पोरानं दारू ओतायची आणि हे सगळे त्याला बर्फ कसा काढायचा ते शिकवायलेत. धन्य आहे. लोकांचे संसार उघड्यावर पडतात ते दिसत न्हाई काय ओ तुम्हाला?

काउंटर_अण्णा :
दिसतात की. आम्हालाच जास्त दिसतात. पगाराच्या दिवशी बायको पोराला घेऊन दारात येते ते घरी बसून न्हाई दिसत. तुमचं म्हणणं मी खोडत न्हाई महाराज. पण त्यानं विचारलंय झेपेल का, ते सांगायलोय.

तुळशीमाळ_सप्लायर :
यावर मी लिहितो, कारण मी माळ घालूनच सप्लायरचं काम करतो. शहापुरात राहतो. लोक चेष्टा करतात, गिऱ्हाईक म्हणतं माऊली एक क्वार्टर आणा, आणि टेबल हसतं. पहिल्यांदा लय लागायचं. आता मी पण माऊली म्हणतो आणि बिल देतो. माझ्या वडिलांनी एवढंच म्हटलं की प्यायची न्हाई, पाजायचा आग्रह करायचा न्हाई, आणि खोटं माप द्यायचं न्हाई. एकादशीला मी सुट्टी घेतो, साहुकार कानडी माणूस आहे, त्यानं कधी नाव ठेवलं न्हाई. पण हे माझं झालं. माझ्याच सोबतच्या एकानं माळ काढून खुंटीला ठेवली आणि काम धरलं, दुसऱ्यानं काम सोडलं आणि आता कुंद्याच्या दुकानात आहे. तुझ्या बाबांना दुसऱ्याकडनं कळायच्या आधी तू सांग. खानापूर काय मोठं न्हाई गा.

टिळकवाडीची :
सगळे दादा लोक बोलायलेत, मी पण बोलते. बेंगळूरला दोन पबमध्ये बारला होते, आता बेळगावात परत आलेय, घरच्या कारणानं, कामामुळं न्हाई.

घरी सांगायचं म्हणालास तर माझ्या घरी काय झालं असेल विचार कर. मामा म्हणाला बायकांना हे काम करायला कायद्यानंच बंदी आहे. बंदी होती, दिल्लीत, जुना १९१४ चा पंजाबचा अबकारी कायदा, जिथं दारू प्यायली जाते तिथं बायका न्हाईत आणि पंचविशीच्या आतले पुरुष पण न्हाईत असं. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि २००७ ला सुप्रीम कोर्टानं ती बंदी टिकणार न्हाई म्हणून सांगितलं. त्या निकालाचा कागद काढून मामाच्या पुढं ठेवला. मामा अजून बोलत न्हाई, ते वेगळं. पण पोरींनी कोणी वाचत असेल तर दोनच गोष्टी बघा, रात्रीची ड्रॉप गाडी घरापर्यंत आहे का कोपऱ्यापर्यंत, आणि गिऱ्हाईकानं हात धरला तर मॅनेजर कुणाच्या बाजूनं उभा राहतो. दुसरी गोष्ट मुलाखतीत कळत न्हाई, तिथं आधी काम केलेल्या पोरीला विचारल्यावर कळते.

आता पीत नसल्याचं. अण्णांच्या काउंटरला काही अडचण न्हाई, उलट साहुकाराला असाच माणूस पाहिजे असतो. पण कॉकटेल बारला चव घ्यावी लागते. ग्लासात स्ट्रॉ बुडवायची, वरचं टोक बोटानं बंद करून बाहेर काढायची, चार थेंब जिभेवर. दोन भाग दारू, एक भाग आंबट, एक भाग गोड हे प्रमाण पाठ करून चालून जातं बऱ्यापैकी, पण लिंबू रोज वेगळं असतं, उन्हाळ्यातलं वेगळं पावसातलं वेगळं, त्यामुळं चव न घेणारा एका पायरीला थांबतो. काहीजण थुंकून टाकतात, वाइनवाले तर थुंकतातच. ते तुला चालेल का, तुझ्या बाबांना चालेल का, हा विचार आत्ताच कर, हेड बारटेंडर व्हायच्या टाइमाला न्हाई. चालत न्हाई असं ठरलं तरी वाट बंद न्हाई होत, स्टोअर, बेव्हरेज कंट्रोल म्हणजे दारूच्या साठ्याचा हिशोब, खरेदी, हे सगळं हॉटेलातच असतं आणि तू बीकॉम आहेस.

रामदेव_गल्ली :
आयला खरंच की, न पिणारा बारटेंडर म्हणजे न जेवणारा आचारी झाला 😀

टिळकवाडीची :
तसं न्हाई ओ. मी तीन चांगले बारटेंडर बघितलेत जे शिफ्टला थेंब घेत न्हाईत. जे घेतात त्यांचं माप दहानंतर बघा.

मेसवाले_काका :
बाळा, मी फौजेत ऑफिसर मेसला होतो, रिटायर होऊन आता कॅम्पात राहतो. एवढंच सांगतो. या कामात माणूस बिघडतो तो गिऱ्हाईकासमोर न्हाई, बंद झाल्यावर बिघडतो. रात्री एकला अंग दुखत असतं, झोप येत न्हाई, स्टाफमधला कुणीतरी म्हणतो एक घे, झोप लागेल. रोज एक. तू पीत न्हाईस म्हणतोस ते आज म्हणतोस. तुझ्या मित्राच्या रूमवर चार दिवस राहून बघ, शिफ्ट संपल्यावर ते काय करतात. झोपतात, घरी फोन करतात, का बसतात? त्या रूमवर तुझं पुढचं आयुष्य दिसेल. मेसला आम्हाला ड्युटीवर वास आला तर शिक्षा होती, बाहेर ती शिस्त तुझी तुला लावायला लागते.

आणि पाय. उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, घरात कुणाला तो त्रास असेल तर आधी डॉक्टरला दाखव.

हायवे_ढाबा :
कुणी नोकरीच्या भरवशाचं बोललंच न्हाई. माझा भाऊ हायवेला बारमध्ये होता. २०१७ ला एक एप्रिलपासून सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारू बंद, लहान गाव असेल तर २२० मीटर, एका रात्रीत घरी. शहराच्या हद्दीतल्यांना पुढं सूट मिळाली, तोवर तीन चार महिने गेले. मग कोविड. वाइन शॉप मे २०२० ला उघडली, पण बसून प्यायचे बार कर्नाटकात उघडले एक सप्टेंबरला. तोवर सप्लायर लोकांनी काय खाल्लं कुणी विचारलं न्हाई. इलेक्शन आलं मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद, गांधी जयंती बंद, मिरवणूक असली की डीसींचा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो बंद. बंदच्या दिवसाचा पगार कापतात का ते विचार.

काउंटर_अण्णा :
हे बरोबर. आणि श्रावण धरा. आषाढ अमावस्येला पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या दिवसापासनं सप्लायर मोबाइल बघत बसतात. डिसेंबरला परत सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन लागलं की लॉज हॉटेल फुल्ल, बंदोबस्ताचे पोलीस, आंदोलनवाले, पुढाऱ्यांच्या मागची माणसं, तेव्हा सुट्टी मागितलीस तर मिळणार न्हाई.

कोर्ट_कचेरी :
दोन कायद्याच्या गोष्टी. कर्नाटकात लायसन्सच्या नियमात २१ च्या आतल्याला दारू द्यायची न्हाई, गोव्यात वय १८, आणि शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलास तर बीअर वाइनला २१ आणि हार्डला २५. आपल्या भागात एकाच दिवशी तीन राज्यांची पोरं टेबलाला बसतात, त्यामुळं कुठं काम करायलोय ते लक्षात ठेवून ओळखपत्र मागायला शिकायचं आणि न्हाई म्हणायला शिकायचं. कॉलेजची पोरं वाद घालतात. तिथं तुझे हातपाय कापणं आड येईल, बाकी ठिकाणी न्हाई.

दुसरं, काही ठिकाणी भारी बाटलीत हलकी दारू भरायला सांगतात. साहुकार सांगतो, पण छापा पडला तर काउंटरला उभा तू असतोस. असं पहिल्या आठवड्यात दिसलं की पगाराची वाट न बघता निघ. मापावर वजनमापेवाल्यांचा शिक्का आहे का एवढं बघितलंस तरी जागा कशी आहे ते कळतं.

खानापूरकर_पोरगा :
बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं न्हवतं. सगळ्यांचे आभार. काका तुमचं रूमचं वाचून रात्री झोप लागली न्हाई, कारण मित्राला फोन केला की तो दुपारी तीनला उठतो आणि आवाज बसलेला असतो, मला वाटायचं म्युझिकमुळं.

ताई, कोर्स करू का? एक खाजगी अकॅडमी आहे, फी भरपूर आहे, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतायत.

टिळकवाडीची :
शंभर टक्के म्हणजे त्या बारबॅकच्याच नोकऱ्या, चोर्लादादा म्हणाले त्या. त्या फी न भरता पण मिळतात. करायचाच असेल तर सरकारी हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्था आहेत, गोव्यात पर्वरीला आहे, तिथं फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसचे छोटे कोर्स असतात का, यंदा प्रवेश कधी, ते जाऊन विचार. पण आधी काम कर थोडं. कोर्समध्ये सगळं शिकवतात, रात्री साडेबाराला पाय दुखत असताना चौदाव्या माणसाला हसून काय देऊ विचारायचं तेवढं शिकवत न्हाईत, आणि नोकरी त्याचीच आहे.

चोर्ला_घाट :
ताई बरोबर. आणि बघायचं कसं तर कुठल्या पण गर्दीच्या बारला शनिवारी दहाला जा, सोडा घेऊन बस, गिऱ्हाईकांकडं बघू नको, काउंटरवाल्याकडं बघ. एक तास. तो काय करतो, किती वेळा पुसतो, किती वेळा वाकतो, कुणाकडं बघून हसतो आणि पाठ वळल्यावर तोंड कसं होतं. तुला त्याच्या जागी जावंसं वाटलं तर ये. मित्राच्या क्लबात आलास तर मला कळव, मी पणजीतच आहे, कदंबाची बस सकाळची पकड, पावसाळ्यात रात्री घाटातनं येऊ नको.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट :
मी अजून पण म्हणतो फाउंड्री सोडू नको. पण शनिवार रविवार करून बघायला काय जातंय, आमच्यातला एकजण लग्नाच्या सीझनला कॅटरिंगला जातोय की.

काउंटर_अण्णा :
हे मी पण म्हणणार होतो. पोरा, स्टोअरची नोकरी ठेव, चार पाच शनिवार आमच्याकडं ये. काउंटरला न्हाई, मागं, क्रेट आणि ग्लास. जेवण मिळेल, हजेरी मिळेल, साहुकाराशी मी बोलतो. मुक्काम स्टाफ रूमला कर, सकाळच्या गाडीनं घरी जा. काका म्हणाले तसं बंद झाल्यावर आमच्यात कोण काय करतं ते पण बघ, आमच्यात पण बसणारे आहेत, लपवत न्हाई. व्यनि, खाजगी निरोप, केलाय बघ.

खानापूरकर_पोरगा :
अण्णा व्यनि बघितला. येतो या शनिवारी. बाबांशी काल बोललो. ते काय बोलले न्हाईत, हरिपाठाला निघून गेले. आई म्हणाली दोन दिवस थांब मग बोलतील.

बूट कसले घालू? कामावर सेफ्टी शूज आहेत तेच चालतील का?

काउंटर_अण्णा :
सेफ्टी शूज जड होतात, संध्याकाळी सहा ते एक त्यात राहू नको. खाली रबर असलेले बंद बूट घे, ओल्या फरशीवर घसरत न्हाईत ते, एक नंबर मोठे घे कारण रात्री पाय सुजतात, आणि मोजे दोन जोड आण, एक जोड बर्फाच्या पाण्यात भिजणारच. चप्पल घालून आलास तर काचेच्या बाजूला उभं करणार न्हाई. सहाला ये, मागच्या दारानं ये. पुढनं आलास तर साहुकार गिऱ्हाईक समजून टेबल देईल आणि बिल मला फाडावं लागेल.